खूण

पवनीत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
मी रोज ऐंशी पत्ते पडताळते.
घर क्रमांक, जवळची खूण, पिनकोड.
जुळलं तर हिरवं, नाही तर लाल.

आज बेबीनंदा नान्हे. मिक्सरचं भांडं, पैसे घरी.
नकाशावर टोचणी पडली ती थेट पाण्यात,
काठापासून अर्धा कोस आत.
"बाई, पत्ता चुकला वाटतं."
"चुकंल कसा जी? लग्न होऊन आली तवापासून तोच हाय."

मग हळूहळू उलगडलं.
धरण भरलं, गाव उठलं,
आता टेकाडावर एकसारखी घरं,
भिंतीवर निळ्या रंगात नंबर.
"नंबर कोणाले पाठ नाई, बाप्पा.
पोराले सांगा, ढिवरमोहल्ल्यात ये,
चिंचेपाशी इचार."

आहे का चिंच तिथं?

"चिंच खालीच राह्यली.
पर जे घरं तिच्यापाशी होते
ते इथं बी लागूनच बांधले.
चिंचेपाशी म्हटलं का समद्यायले समजते."

रकान्यात मी लिहिलं: चिंच.
खाली यंत्राचा प्रश्न,
खूण प्रत्यक्ष दिसते का?
दोन गोल. हो. नाही.
जिन्यात चहावाल्याच्या कपबशा वाजल्या
तरी माझं बोट वरच.
शेवटी हिरवं केलं.

परवा निकेश परत आला, गाडीला लाल माती.
भांडं पोचलं म्हणाला, पहिल्याच माणसानं
हात करून घर दाखवलं.
झाकण मात्र बसत नाही.
बदलून पाठवायचंय.
पत्ता तोच.