आठ दिवस, सात रात्री

सहकारनगर, तिसरा मजला.
पंख्याखाली पंधरा पानं फडफडतात,
वर पेपरवेट म्हणून खलातला बत्ता.
सोनटक्केबाईंच्या यात्रा कंपनीची सहल
जपानीतून मराठीत आणायचीय, शुक्रवारपर्यंत,
पानाला दोनशे साठ रुपये.

मी जपानला गेलेले नाही.
माझी जपानी टिळक रस्त्यावरच्या क्लासातली,
संध्याकाळी साडेसहा ते आठ.
खाली सायकलचं दुकान होतं.
पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवायचा,
बुडबुडे येतील तिथे खडूची खूण.
अजून एखादं क्रियापद अडलं
की मी तशीच बुडवून बघते त्याला.

दिवस दुसरा. देऊळ.
पाऊल पडताच लाकडी जमीन
पाखरासारखी चिवचिवते,
चोर कळावा म्हणून, असं सांगतात.
'बोलकी जमीन' लिहिलं. खोडलं.
'गाणारी'. खोडलं.
'कुरकुरणारी' ठेवलं, तर समासात
बाईंची पेन्सिल:
दुरुस्त करून घेणार आहेत का?

दिवस चौथा. चहाचा मुलूख.
खुडणीआधी तीनेक आठवडे
मळ्यावर काळं कापड ओढतात.
उजेडाला आसुसलेलं पान
जास्त हिरवं होतं, जास्त गोड.
हे वाचलं आणि खाली गेले.
कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात नरपतजी
आलं ठेचत होते.
म्हटलं, तिकडे दूध नाही घालत, साखरही नाही.
त्यांनी फडकं पिळलं.
"मग पाहुण्याला देतात काय?"

दिवस सहावा. इथे अडले.
साके जिथे करतात ती जागा.
'मद्यशाळा' म्हटलं तर इंद्राच्या दरबारातली वाटते,
'दारूची भट्टी' म्हटलं तर धाड पडेल.
बाई म्हणाल्या, सगळे साठीपुढचे,
निम्म्यांच्या चतुर्थ्या,
'तांदळाचा पारंपरिक उद्योग' घाला.

मूळ पानावर होतं ते असं:
दाणा घासत जातात, कधी निम्माच उरेपर्यंत.
मग धुतात, हातात घड्याळ धरून, सेकंद मोजत.
दारावर देवदाराच्या पाल्याचा गोळा टांगतात, हिरवागार.
तो तपकिरी होत जातो
तशी आतली मुरत जाते.
पाहुण्यांनी वहाणा बदलाव्यात.
त्या सकाळी आंबवलेलं सोयाबीन खाऊन येऊ नये,
तुमच्या अंगावरचा जंतू
कुणाचा अख्खा हिवाळा नासवील.

बुधवारी फोन आला.
दिगंबर फडतरे, जिल्हा बँकेतून निवृत्त,
आसन क्रमांक अकरा.
"सहावा दिवस मोघम लिहिलाय.
ती भट्टीच ना?"
मी गप्प.
"नाही, मला बघायचीय म्हणून विचारतो.
आमचे वडील लावायचे. भोरच्या अलीकडे, ओढ्याकाठी.
काळा गूळ, नवसागर,
हाताला येईल ते.
धुतलेलं काहीच नसायचं, पिंपसुद्धा.
आणि गिऱ्हाईक नसलं की स्वतःच.
चाळीसही गाठली नाही त्यांनी.
तिकडे खरंच चपला काढतात?"

मी जपानला गेलेले नाही,
हे तेव्हा सांगायला हवं होतं.
म्हटलं, "काढतात.
आणि तांदूळ धुताना कुणी बोलत नाही."
दुसरं वाक्य पानावर नव्हतं.

त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली.
कुणीतरी गॅस बारीक केला असावा.
मग म्हणाले,
"ते असं लिहा ना. स्पष्ट."

रात्री एक वाटी इंद्रायणी धुतला,
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत.
पहिलं पाणी दुधासारखं.
दुसरं जरा कमी.
चौथ्यालाही तळ नीट दिसेना,
मी मोजणं सोडून दिलं.

ओले हात पुसून टेबलाशी आले,
'पारंपरिक उद्योग' खोडला.
लिहिलं:
दिवस सहावा. भट्टी.
चपला बाहेर काढाव्यात.

पेन्सिल अजून आलेली नाही.