अंगठ्याएवढा

पहाटे साडेपाच. दलदलीच्या कडेला, बस उलटी वळते तिथे,
आम्ही नऊ माणसं.
काउपो हजेरी घेतो. हजेरी म्हणजे फक्त बुटांकडे बघणं.
एंडेलचे रबरी, गुडघ्यापर्यंत. माझे ऑफिसचे.
तो काही बोलत नाही,
प्लास्टिकच्या दोन पिशव्या तेवढ्या पुढे करतो.

फळ्यांची वाट, एकच माणूस मावेल एवढी.
बोलायचं तर पुढच्याच्या पाठीशी,
आणि उत्तर आलंच तर तेही धुक्याकडे तोंड करून.
उकु शेवाळात हात खुपसतो, कोपरापर्यंत, तरी तळ नाही.
"वर्षाला एक मिलिमीटर," काउपो म्हणतो,
"तुझी बोटं आत्ता तीनशे वर्षांपूर्वीच्या पावसात आहेत."
उकु बोटं बाहेर काढतो, वास घेतो,
पँटला पुसतो.

दवबिंदूचं रोप दिसलं ते औषधांच्या दुकानातल्या हेल्वेला.
तांबूस, नाण्याएवढं, केसाकेसावर एक थेंब
आणि एका थेंबात चिलट, अजून पाय हलवणारं.
"सोडवायचं का?" उकुने विचारलं.
नऊ माणसं ओणवी, एका चिलटाच्या मरणाभोवती,
आणि कोणाकडेच उत्तर नाही.
सोकाइलच्या झुडपांचा वास डोक्यात चढायला लागला
तेव्हा कुठे उठलो.

क्रौंच ऐकू आले, दिसले नाहीत.
एंडेल म्हणाला, गंजल्या बिजागरीचं दार उघडतंय कुणीतरी.
काउपोने वहीत लिहिलं: क्रौंच, दोन, आवाज.
दार लिहिलं नाही.

मग वाट स्प्रूसच्या गर्दीत शिरते.
तिथे काउपोने बोट वर केलं. प्योयाल्पोइस.
आमच्या भाषेत, अंगठ्याएवढा पोर.
साखरेच्या दोन खड्यांचं वजन, डोक्यावर पिवळी रेघ,
आणि आवाज असा की सुईने काचेवर कुणी अक्षरं गिरवावीत.

लाइडा मान वर करून उभी.
चाळीस वर्षं ही वही तिच्याकडे होती.
काउपोला पक्षी तिनेच शिकवले, कान धरून, शब्दशः.
"कुठे?"
त्याने फांदी दाखवली.
"फांदी दिसते रे. गातोय का तो?"

गात होता. जीव तोडून गात होता.

"मागच्या वर्षी मला वाटलं, यंदा आलेच नाहीत," ती म्हणाली.
"वहीत तसं लिहिलंय मी. शून्य."
काउपो पानं उलटत मागे गेला.
शून्य होतं. त्याच्या आदल्या वर्षीही,
नीटनेटकं, शाईचं, पोटातून गोल.

कोणी खोकलं. कोणी दुर्बीण पुसली, स्वच्छ होती तरी.
उकुने मात्र तिचा हात ओढला, तळवा उलटा केला
आणि अंगठ्याने ठोकायला लागला:
सावकाश, सावकाश, मग भरभर, मग शेवटी एक गिरकी.
थांबला. पक्षी थांबला म्हणून थांबला.
पुन्हा सुरू.
हात दलदलीचाच होता अजून, चिकट, गार.
लाइडाने डोळे मिटले नाहीत. फांदीकडेच बघत राहिली.

"खोडू का?" काउपोने पेन काढलं.
"खोडू नकोस. शेजारी लिही, लाइडाचे कान."
आणि जरा थांबून, "तारीख घाल."

परतीच्या बसमध्ये मी खिडकीला कान लावून बसले,
एक्कावन्नाव्या वर्षी पहिल्यांदाच मोजत,
काय काय ऐकू येतंय.
इंजिन. एंडेलचं घोरणं. कुठेतरी सैल झालेला एक स्क्रू.
पिशव्या दोन्ही फाटलेल्या होत्या.
मोज्यात पाणी,
कुठल्या सालचं, कोण जाणे.