खरं

आमच्याकडं 'पण' म्हणत नाहीत, 'खरं' म्हणतात.
येतो म्हणालेला, खरं आला नाही.
पाणी सोडलंय, खरं नळाला नाही.

पुण्यात हसले होते मला, काचेच्या खोलीत तिघं.
कागद बिनचूक वाचला होता मी.
मग एकानं सहज विचारलं, प्रवास कसा झाला,
आणि मी म्हणाले,
'रात्रीच्या गाडीनं आलो, खरं झोप लागली नाही.'
त्यानं वहीत काहीतरी लिहिलं.
बाई असून आलो.
आमच्या गल्लीत सगळ्याच बायका आलो म्हणतात,
गेलो म्हणतात, बाळंत झालो म्हणतात.

म्हणून गोवावेसला, टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत
बावीस वर्षं मी बातम्या वाचते.
सातला मराठी.
साडेसातला कन्नड, ती गिरिजा हिरेमठ वाचते.
माझ्या बातमीत गाव बेळगाव असतं,
तिच्या बातमीत बेळगावी होतं,
खाली हवा भरणारा पोरगा तोच असतो.

ब्लेझर एकच. मरून.
मालकानं पहिल्या दिवाळीला शिवून घेतलेला,
दोघींच्या मधल्या मापाचा:
मला खांद्यात सैल, तिला दंडात घट्ट.
जाहिराती चालू झाल्या की मी तो उतरवते,
ती हात मागं करून उभीच असते.
'बेच्चग ऐती, वैजू,' म्हणते थंडीच्या दिवसांत,
गरम आहे गं अजून,
आणि माझी ऊब घालून
तिच्या भाषेत नमस्कार करते.

वडगावात आई दोन्ही बातम्या बघते, आवाज बंद करून.
चाळीस वर्षं मागावर गेली, कान तिथंच राहिले.
मागाच्या खडखडाटात माणसं ओठ बघून बोलायची,
तशी ती आम्हाला बघते.
'त्या हिरेमठांच्या पोरीचा दात दुखालाय काय?'
एकदा विचारलंन.
दुसऱ्या दिवशी गिरिजा गालाला रुमाल धरून आली.

एका डिसेंबरात कागदावर होतं,
कोगनोळीच्या नाक्यावर दोन्हीकडच्या बस थांबवण्यात आल्या आहेत.
काही बसवर दगडफेक.
त्यातल्या एकीत परशराम होता,
निपाणी-कोल्हापूर, गळ्यात तिकिटाचं मशीन.
सकाळी डबा न घेताच गेलेला.
भांडण कशावरून, तर सिलिंडरचा नंबर कुणी लावायचा यावरून.
'प्रवाशांचे हाल झाले,' असं वाक्य होतं.
कंडक्टरचं काही नव्हतं.
होतं तेवढं वाचलं.
पुढची बातमी पाणीपट्टीची, तीही वाचली.
चेहरा हलू दिला नाही.
बावीस वर्षांत तेवढंच तर शिकलो.

जिना उतरतोय तोवर फोन,
आईच्या शेजारचा पोरगा:
'आजी विचारालीय, भांडलासा काय दोघं?
म्हणतीय, बस म्हणताना
तुमचे ओठ जरा जास्त वेळ मिटून राहिले.'

टायरच्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलेलं.
वर गिरिजा तीच बातमी सांगत होती,
तिच्या भाषेत बसला बसच म्हणतात.

रात्री दीड वाजता कडी वाजली.
शर्टाच्या खिशात काचेचा चुरा,
तो त्यानं आधी मोरीत झटकला.
मग म्हणाला,
'नाक्यावर एकाच्या मोबाईलवर बघितलं तुला.
चांगलं वाचलीस.
खरं'

आणि थांबला.
पुढं काय ते मी विचारलं नाही.
हात धुऊन तो पाटावर बसला.
आमटी गार झालेली.
आणतो गरम करून, म्हणालो मी.