चांदणी

सकाळी सातला लॅबचं शटर मी उघडते.
भुसावळ तेव्हाच तापायला लागलेलं असतं,
समोरचा चहावाला शटरच्या आवाजावर गॅस पेटवतो.
बाकावर उपाशीपोटी आलेली माणसं,
बाही वर, तोंड भिंतीकडे.
सुई फक्त मी बघायची असते.

आमच्या मशीनला एक सवय आहे:
आकडा हद्दीबाहेर गेला की पुढे चांदणी छापतं.
फैजपूरचे वासुदेव भंगाळे, वय एकसष्ट, चार चांदण्या.
मुलगा रिपोर्ट छातीशी धरून जिना उतरला,
घरातलं तूप त्याच संध्याकाळी बंद झालं म्हणे,
शेवभाजीवरची तर्रीसुद्धा.

मंगळवारी गर्दी नव्हती.
रात्रीपासून मी काही खाल्लेलं नव्हतं, ठरवून.
रबरी पट्टा दातात धरला
आणि स्वतःच्याच डाव्या हातातून पाच मिली काढलं.
चेतना पुंडलिक बऱ्हाटे. वय पंचवीस.
ट्रायग्लिसराइड दोनशे बारा, चांदणी.
चांगलं कोलेस्टेरॉल चौतीस, चांदणी.
उपाशी साखर एकशे नऊ, चांदणी.
सर म्हणाले, या वयात? मशीन बिघडलंय, कंट्रोल लाव.
लावला.
मशीन बिघडलेलं नव्हतं.

सोळाव्या वर्षापासून माझी एक फाईल आहे,
तिच्यावर पीसीओडी लिहिलंय, शाई आता तपकिरी झाली.
आई डाळीचं पीठ घेऊन माझी मान घासायची,
किती वं मळ बसवते, म्हणत,
मान लाल व्हायची, काळीच राहायची.
मळ नव्हता तो.
कानबाईच्या रोटांना सगळं घर जमलं
की मामी माझ्या हनुवटीकडे बघत वाढायच्या,
लग्न झालं की सुटेल सारं.
आणि अजून एक पुरणपोळी ताटात.

नऊ वर्षांत चार वेळा सोनोग्राफी झाली.
दर वेळी तेच थंडगार जेल, तीच काळी-पांढरी माळ,
दर वेळी मॅडम विचारायच्या, लग्नाचं बघताय ना,
आणि आई माझ्या आधी उत्तर द्यायची.
छाती तिथून वीतभर वर.
तिथवर कुणाचा हात आला नाही.
जिना चढताना धडधडायचं,
ऊन आहे बाई भुसावळचं, म्हणायचे सगळे.
मीही म्हणायचे.
मला तर रक्त वाचता येत होतं.

रिपोर्ट मी दोन दिवस डब्याच्या पिशवीत ठेवला.
तिसऱ्या दिवशी आईपुढे उघडला.
तिनं पहिलं विचारलं, मूल होईल ना?
मी म्हटलं, हे मुलाचं नाही, माझं आहे.
ती बराच वेळ कळण्याचं पीठ मळत राहिली.
मग म्हणाली, तुझे आजोबा छातीनंच गेले.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
फाईलमध्येही कुठे नाही.

आता संध्याकाळी आम्ही दोघी
रेल्वे ग्राउंडला पाच फेऱ्या मारतो.
तिसऱ्या फेरीला ती भांडण उकरून काढते,
त्यामुळे चौथी आपोआप भरभर होते.

काल यावलहून एक मुलगी आली, हिमानी,
अकरावीतली. मे महिना, आणि गळ्याला ओढणी घट्ट.
आई कुजबुजली, पाळीचं आहे.
चिठ्ठीवर थायरॉइड होतं, हार्मोनची तीन नावं होती.
रक्त काढून झालं, कापूस दाबून ती उठली.
मी म्हटलं, बस जरा. ओढणी सैल कर.
दुसऱ्या दंडाला पट्टा गुंडाळला.
बीपी कशाले, आई म्हणाली,
पोरगी हाये ती, म्हातारी थोडीच.
मी डॉक्टर नाही, काकू. पण पट्टा तर गुंडाळता येतो.

फुगा दाबला, सोडला.
हवा सुस्कारत खाली येत गेली,
कानात एक ठोका आला, मग दुसरा,
बाहेर पॅसेंजर सुटल्याची शिट्टी, तरी ऐकू आले.

किती आलं, ताई?
तिनंच विचारलं.
मी सांगितलं. एकशे बत्तीस, वरचं.
मग चिठ्ठीच्या कडेला, जिथे त्याला जागाच नव्हती,
आडवं करून पेनानं लिहिलं,
आणि डॉक्टरांना हे पहिलं दाखवायचं म्हणून
खाली दोनदा रेघ ओढली.