अर्ध्या मिलिमीटरची रेघ

नगररचना विभागात मी रेघा ओढायचो.
आता संगणक ओढतो,
मी फक्त त्याचं बोट धरून नेतो.

पिवळा म्हणजे रहिवास.
हिरवा म्हणजे जिथं राहायचं नाही.
निळी रेघ म्हणजे नदी जिथवर येते,
आणि लाल,
जिथवर येईल म्हणून आम्ही कागदावर घाबरतो.
प्रमाण एकास पाच हजार.
रेघेची जाडी अर्धा मिलिमीटर.
हा गुणाकार मी कधी केला नव्हता.

हरकतींच्या सुनावणीला
नूरजहाँ बारगीर आली,
पाटणे प्लॉट, गुंठेवारी, टोकन दोनशे बारा.
हळदीच्या वखारीतून थेट.
नखांच्या कडा, टाचेच्या भेगा, पदराचं टोक,
सगळं पिवळं.
"सायेब, माझं घर रेघंच्या अल्याड हाय का पल्याड?"

मी पट्टी लावली.
अल्याड नव्हतं, पल्याडही नव्हतं.
रेघेत होतं.
अर्धा मिलिमीटर गुणिले पाच हजार,
अडीच मीटर.
एक चूल, एक मोरी,
शिलाई मशीन, आणि त्यामागं
माळ्यावर चढायची शिडी.

वाटलं, म्हणेल, रेघ सरकवा.
सकाळपासून तिघांनी ती नदीकडं ढकलली होती,
एकानं तर आधी चहा पाठवून.

"रेघ ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली,
"पानी येतंय ते खोटं न्हाई.
एकोणीसला माझ्या पंख्याला लागलंय.
पर नदीकडनं येत न्हाई, बगा,
पाठीमागनं येतंय, चिंचओढ्यातनं.
त्यो कुटं दावलाय?"

नकाशा मोठा केला. आणखी मोठा केला.
ओढ्याच्या जागी मंगल कार्यालय होतं
आणि त्याचं पार्किंग.

रविवारी आम्ही चालत निघालो.
तिच्या पिशवीत मैदान आखायची फक्की.
बाळगोंडा मगदूम काठी टेकत पुढं:
"हितं म्हशी धूत हुतो. हितं वळण हुतं.
हितं माझा भाऊ घसरला."
काठी टेकेल तिथं ती चिमूट सोडायची.
एका फरशीखाली कान लावला,
मे महिन्यात, खाली पाणी बोलत होतं.

वॉचमन धावत आला,
"पार्किंगात पांढरं कशाला करताय?"
ती म्हणाली, "तुमी लग्नात पाचशे खुर्च्या मांडता,
पानी घडीभर बसाया आलं
तर त्याला जागा नको व्हय?"

सोमवारी ओढा काढला.
साहेबांनी विचारलं,
अस्तित्वातला, का प्रस्तावित?
सूचीत तिसरा प्रकार नव्हता.
मी तुटक रेघ दिली.
साहेब बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिले,
मग म्हणाले, राहू दे तूर्तास.

राहिलं पाटणे प्लॉटचं पुनर्वसन.
आराखड्यात जागा होती, माळावर, उंच, कोरडी.
"वखारीपासनं किती लांब?"
मी पट्टी लावली.
टेबल संपलं, पट्टी पुरली नाही.
"सकाळी सातला बस हाय?"
बस आमच्या विभागाकडं नसते.

ती नकाशावर वाकली.
रस्ते वाचता येत नव्हते तिला,
पण पेठ सापडली,
पेठेमागची बंद वखारींची रांग सापडली,
पत्रे उडालेली, पिंपळ फुटलेली,
मालकांची भांडणं कोर्टात.
"हितं पानी कदी चढलं न्हाई.
हळद कोरडी ऱ्हाती,
तर मानूस न्हाई ऱ्हानार?"
आणि तिथं अंगठा टेकवला.

हरकतीच्या अर्जासाठी शाईचा पॅड
मी नंतर पुढं केला.

नकाशा स्कॅन होऊन पुण्याला गेला.
ओढा मंजूर होईल का, माहीत नाही.
वखारींचं तर कुणी विचारलंही नाही.
पण स्कॅनरला हळद कळत नाही, रंग कळतो.
वर गेलेल्या प्रतीत, पेठेच्या मागं,
अंगठ्याएवढा रहिवास आहे.

शंभर मीटर लांब, साधारण.
मी पुसायला हवा होता.