साकिन

मिल कॉर्नरला, पोलीस आयुक्तालयाच्या भिंतीलगत
माझं दुकान. झेरॉक्स, टायपिंग, पासपोर्ट फोटो.
मुनीर अल-सबरी, येमेनमधल्या तइझचा,
इथं भाषाशास्त्रात सहावं वर्ष,
बेगमपुऱ्यातून चालत येतो छातीशी फाईल धरून,
ताप आलेलं लेकरू दवाखान्यात न्यावं तशी.

मराठीतलं त्याचं पहिलं वाक्य: उद्या या.
दुसरं: साहेब मीटिंगमध्ये आहेत.
कर्ता, क्रियापद, सगळं तो वहीत मांडून ठेवतो.
'उद्या'ला अनेकवचन का नाही,
त्यानं मला गंभीरपणे विचारलं.

समोरच्या टपरीवर खिल्लारे बसतो.
आठ हजार, दोन दिवस, चहा त्याच्याकडून.
माणूस वाईट नाही. मला म्हणाला,
"ताई, कामून नादाला लावायल्या त्याला?
चपला त्याच्या झिजायल्या, धंदा माझा बसायला."
गेल्या वर्षी त्यानंच करून दिलं होतं,
झालंही चुटकीसरशी.
फक्त बापाच्या नावातलं एक अक्षर गळालं
आणि मुनीर वर्षभर
दुसऱ्याच कुणाचा मुलगा म्हणून राहिला.
"ह्या टायमाला मी स्वतः," तो म्हणाला.

मग काय.
फोटो पन्नास केबीच्या आत, दोन्ही कान दिसले पाहिजेत.
बोनाफाईड. बँकेचं स्टेटमेंट. घरमालकाचं संमतीपत्र.
शमीमआपा लाईटबिल देईनात, घरपट्टी वाढंल म्हणून.
सर्वर डाऊन. सर्वर चालू, साहेब रजेवर.
जुन्या शिक्क्यावर शहराचं जुनं नाव,
फॉर्मच्या यादीत नवं तेवढंच.
खिडकीतून फाईल परत: पत्ता जुळत नाही.
मुनीर पायरीवर बसला.
"ताई, मी तिथंच आहे," म्हणाला, "गाव हललं."

त्या दुपारी लाईट गेली. मशीन गार पडलं.
मी ड्रॉवरमधून एक कागद काढला.
लेकीच्या व्हॅलिडिटीसाठी जपलेला,
आजोबांच्या नावचा, निजामाच्या काळातला,
उर्दूतला, कोपरा झुरळांनी खाल्लेला.
नुसता वाचून द्यायचे दीड हजार
मागत होता एक जण टाउन हॉलकडं.

मुनीरला लिपी येते, ही भाषा येत नाही.
मला शब्द कळतात कानानं, शेजारपाजारच्या बोलण्यातून,
अक्षर एक ओळखू येत नाही.
तो बोट ठेवून सावकाश नुसता आवाज काढत गेला,
मी पेन्सिलीनं मागं मागं.
वल्द. मौजा. पेशा: सुतारकाम.
"साकिन," त्यानं वाचलं, आणि थांबला.
राहणारा. हा शब्द त्याच्या घरचा निघाला.
त्याच्या पुढं जरा फिकट शाईत: गैर मुल्की.
गैर त्याला कळलं, मुल्की मला,
आणि मग दोघंही गप्प.
नगरच्या बाजूनं आलेला.
इतकी वर्षं राहिल्याचा पुरावा नाही.
अर्ज तिसऱ्यांदा.
खाली अंगठा, एका कडेला पुसट,
घाईत उचलल्यासारखा.

आणि मी आजवर दुकानात बसून
भाडेकरूंच्या करारावर टाईप करत आले:
मूळ राहणार.

खिल्लारे चहा घेऊन आला, कागदावर वाकला,
सगळं ऐकून घेतलं.
"आजोबांनी एजंट धरायला पाहिजे होता," म्हणाला,
आणि ग्लास ठेवून निघून गेला.

व्हिसा आला. वर्ष मागितलं होतं, सहा महिने मिळाले.
बापाचं नाव मात्र अक्षरन्‌अक्षर.
मुनीरनं ते माझ्यासमोर दोनदा मोठ्यानं वाचलं,
रस्त्यावरची रिक्षा थांबून बघायली.

सदतीस पानं, चौऱ्याहत्तर रुपये.
मी म्हटलं राहू दे, तुझं वाचनाचं देणं आहे.
ऐकलं नाही. पंचाहत्तर ठेवले.
माझ्याकडं सुट्टे नव्हते.
"एक रुपया उद्या ने," मी म्हणाले.
तो काउंटरला टेकून उभाच राहिला.
"उद्या नक्को, ताई," म्हणाला. "आत्ता."