सोमवार ते शनिवार

तुर्भे स्टोअर्सच्या मागे, बोनसरीच्या चढावर
निम्म्या घरांना नंबर नाहीत, ते मीच घालते,
खडूने, चौकटीच्या डाव्या अंगाला:
पोरं किती, डोस कधी, बाण पुढच्या दाराकडे.
संध्याकाळी खाणीची धूळ येऊन बसते वर,
पांढऱ्यावर पांढरं.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला बाईंनी फळ्यावर लिहिलं होतं,
गोपनीयता, संमती, समन्याय.
गोपनीयतेवर मला पाचपैकी पाच मिळाले.
तेव्हा भिंत म्हणजे भिंत वाटायची.
इथे पत्रा आहे.
एका घरात खोकला सुरू झाला
की तिसऱ्या घरातली बाई पाणी भरून ठेवते.

दुर्गप्पाचा रिपोर्ट सोमवारी आला.
क्रशरवर गेले नाही. पाण्याच्या टाकीशी
तो एकटा सापडेपर्यंत उन्हात थांबले.
"धूळ आहे ती, सिस्टर."
"धूळही आहे."
बराच वेळ त्याने बादली धुतली.
मग म्हणाला, घरी मी सांगतो. पगार होऊ दे. शनिवारी.
पहिल्या गोळ्या तिथेच घेतल्या, नळाला ओंजळ लावून.
मी म्हटलं, तोवर बाहेर झोप. उकडतंय म्हणून सांग.
तो झोपलाही.

बुधवारी मुकादम. स्कूटर चालूच ठेवून,
"खोकल्यावाल्यांची यादी द्या की. शेठ औषधपाणी करणार."
आधीच्या सिस्टरने दिली होती एकदा.
तीन दारांवर अजून तिचा खडू आहे,
आत दुसरीच माणसं राहतात.
म्हटलं, खोकला तर तुम्हालाही आहे.
बसा, थुंकीची डबी देते.
स्कूटर उतारावरून गेली ती मागे न बघता.

हे सोपं होतं.

अवघड होती लक्कव्वा.
तिच्या मांडीवरची अकरा महिन्यांची,
जिचं वजन मागच्या खेपेला मी दोनदा केलं,
काटाच चुकत असेल म्हणून.
लक्कव्वा म्हणाली, आज असं काय बघता हो पोरीकडे?
मी थर्मामीटर झटकत राहिले.

गुरुवारी सगळ्या गल्लीची पोरं तपासली.
एकवीस. वजन, छाती, गळ्यातल्या गाठी.
डॉक्टरांना खरं कारण माहीत होतं,
फॉर्मवर मी लिहिलं, नियमित तपासणी.
वीस आयांना सांगितलं ते खरंच होतं.
एकविसावीलाही तेच सांगितलं, शब्दन् शब्द.
तिने मान हलवली, अंगठा दिला.
ती संमती होती का, हे मला
कुणी विचारलं नाही. मीच विचारते,
घणसोलीच्या घरी, कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत.

शुक्रवार गेला. पोर रात्री खोकली, असं शेजारणीने सांगितलं,
न विचारता.

शनिवारी पगार झाला.
रविवारी मला सुट्टी असते. तरी गेले.
लक्कव्वा टाकीशी उभी, पोर कडेवर,
डोळे धुऊन आलेली.
"तुम्हाला माहीत होतं."
हो.
"कधीपासून?"
सोमवारपासून.

तिने बोटांवर दिवस मोजले, मनात, ओठ हलवत.
मला वाटलं, आता हे दार गेलं.
खडूची खूण राहील नुसती.

मग तिने पोर माझ्या हातात दिली.
"वजन करा."

झोळी आडूला अडकवली.
पोर रडली, काटा थरथरला,
आणि तो थांबेपर्यंत
आम्ही दोघी त्याच्याकडेच बघत राहिलो.